झुंबरबाईच्या हसण्याचा फोटो

लोणावळ्याच्या बाजारामागच्या आळीत खांबेट्यांच्या घरी शिवणाचं यंत्र यायचं होतं, त्याऐवजी कॅमेरा आला. साल एकोणीसशे बावीस. गंगाधरपंत खांबेटे स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून होते. बेवारशी राहिलेल्या सामानाचा तिथं अधूनमधून लिलाव व्हायचा. अशाच एका लिलावात घेतलेली जडशीळ पेटी शेजारच्या वाण्याने न उघडताच गंगाधरपंतांच्या गळ्यात मारली. "वजन बघा, आकार बघा. शिवणयंत्रच आहे. वहिनी खूश होतील," असं तो म्हणाला आणि आमचे पंत हुरळून गेले. हमालाच्या डोक्यावरून पेटी घरी आली. अनसूयाबाईंनी चोळीचं कापडसुद्धा काढून ठेवलं होतं. झाकण उघडलं तर आत लाकडाचं खोकं, त्याला लोहाराकडे असतो तसा भाता, पुढे पितळी नळकांड्यात बसवलेलं भिंग, तीन पायांची घोडी आणि वर घडी करून ठेवलेलं काळं फडकं.

गंगाधरपंतांचा चेहरा पडला. "उद्याच परत देतो," ते म्हणाले.

"द्या हो परत, पण आधी बघू तरी काय आहे ते," असं म्हणत अनसूयाबाईंनी घोडी अंगणात उभी केली, फडकं डोक्यावरून घेतलं आणि मागच्या दुधी काचेत डोकावल्या. काचेवर सगळं अंगण उलटं लटकत होतं. तुळशीवृंदावन वरून खाली आलेलं, दोरीवरची धोतरं वरच्या बाजूला फडफडणारी, आणि मधोमध टोपी घातलेले गंगाधरपंत खाली डोकं वर पाय करून काळजीत उभे. अनसूयाबाई फडक्याच्या आतच इतक्या हसल्या, की बाहेरून नुसता काळा ढीग हलताना दिसत होता. मग त्यांनी डोकं बाहेर काढून सांगितलं, "परतबिरत काही करायचं नाही. चोळ्या मी हातानं शिवीन."

पेटीच्या तळाशी एक इंग्रजी चोपडं होतं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर गंगाधरपंत ते वाचून मराठीत सांगायचे आणि अनसूयाबाई तसं करून बघायच्या. चोपड्यात जे होतं ते थंड देशातलं, आणि घर लोणावळ्यातलं. त्यामुळे निम्मं शिक्षण चोपड्यातून झालं आणि निम्मं स्वयंपाकघरातून. कोठीच्या खोलीत लोणच्याच्या बरण्या सरकवून त्यांनी, फोटो ज्यांवर उठायचा त्या काचा औषधात धुवायची जागा केली. तिथं लाल उजेड हवा होता. अनसूयाबाईंचं माहेर तळेगावचं आणि वडील तिथल्या काच कारखान्यात नोकरीला, तेव्हा कंदिलाच्या मापाची लाल काच माहेरच्या फराळाबरोबर आली. औषधांनी बोटं काळी पडायला लागली. हळदीकुंकवाला गेल्या की बायका हात पुढे करण्याआधी बोटांकडे बघायच्या, आणि अनसूयाबाई निर्लज्जपणे ती बोटं आणखी पुढे करायच्या.

भिंगावर झाकण होतं, ते काढायचं आणि ठरावीक वेळानं लावायचं. सेकंदाचं घड्याळ घरात नव्हतं. अनसूयाबाईंनी स्वतःचं माप बसवलं. कडक उन्हात झाकण काढून एकदा मनात "श्रीराम" म्हणायचं. सावलीत तीनदा म्हणायचं. पडवीत बसवलेलं माणूस असेल तर सासरच्या सगळ्यांची नावं आत्याबाईंपासून धाकट्या दिरापर्यंत घ्यायची. दीर चार असल्यामुळे पडवीतले फोटो चांगले उठायचे. फोटोचा कागद काचेखाली दाबून उन्हात ठेवायचा, तो गच्चीवर पापडांच्या शेजारी. आधी कागद तपासायचा, मग पापड उलटायचे. आणि पावसाळा आला, घरभर बुरशीचा वास सुटला, की भिंगाला बुरा येऊ नये म्हणून अख्खं खोकं आंबेमोहोराच्या पिंपात तांदळात पुरून ठेवायचं. चोपडं लिहिणाऱ्या साहेबाला हे ऐकून भोवळ आली असती, पण भिंग मात्र स्वच्छ राहिलं.

सुरुवातीला फोटो काढायला माणसं कुठली मिळणार? गंगाधरपंत इतके वेळा बसले, की त्यांना कॅमेरा दिसला की आपोआप मान ताठ करायची सवय लागली. दुसरं गिऱ्हाईक मिळालं ते रोज सकाळी दारात येणारं. जवळच्या तुंगार्ली गावची झुंबरबाई.

झुंबरबाई दूध घालायला यायची. अनसूयाबाईंच्याच वयाची, उंच, सावळी, कमरेवर वर्षाचा दत्तोबा, डोक्यावर दुधाची घागर. ती हसायची. हसतात सगळेच, पण झुंबरबाईचं हसणं आळीला पुरून उरायचं. समोरच्या घरातला माणूस ते ऐकून दाढी करता करता थांबायचा आणि काय झालं हे माहीत नसताना स्वतःही हसायला लागायचा. घरात सासूचा जाच होता, नवरा रखमाजी एकेकाळचा पैलवान आणि अबोल, बंगल्यांची दुधं घालून पाय मोडायचे. तरी ही बाई रोज सकाळी काही ना काही सांगून हसायची आणि अनसूयाबाईंचा दिवस उजळून टाकायची. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. काही सकाळी तर झुंबरबाई आली नाही तर उठावंसंच वाटू नये अशा असायच्या. तेव्हा त्यांनी मनात घेतलं, की काही झालं तरी हे हसू काचेवर उतरवायचं.

पहिला प्रयत्न अंगणात. "झुंबरबाई, अजिबात हलायचं नाही हं," अनसूयाबाई म्हणाल्या.

"न्हाई हलत, वैनी," असं म्हणून ती हलली. काच धुतल्यावर तिला दोन डोकी आली आणि दत्तोबाला तीन. दोघींनी तो फोटो बघून इतका दंगा केला, की दुधावर मांजर येऊन गेलं तरी कळलं नाही.

मग तिला खांबाला टेकवून, श्वास रोखून, ओठ मिटून बसवलं. या वेळी फोटो स्वच्छ आला. कपाळावरचं कुंकू, नाकातली नथ, लुगड्याच्या काठाचं वेलबुट्टीचं काम, सगळं टिपून घेतलेलं. झुंबरबाईनं तो हातात घेऊन बराच वेळ बघितला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पण ही कोण बया?"

ती चेष्टा करत नव्हती. आरशात कधी फार बघितलं नसल्यामुळे तिला ती ताठ, ओठ मिटलेली बाई खरोखर परकी वाटली. अनसूयाबाईंना ते लागलं. हललं तर पुसतं, आणि न हलणारी झुंबरबाई ही झुंबरबाईच नव्हे. आता करायचं काय?

दरम्यान त्यांचं नाव झालं. बाईमाणूस फोटो काढतं म्हटल्यावर परपुरुषासमोर न येणाऱ्या बायकांच्या घरांतून बोलावणी यायला लागली. सोमाटण्यापर्यंत मोटारीनं आणि पुढे बैलगाडीनं, घोडी आणि खोकं घेऊन गंगाधरपंत बरोबर. परंदवडीला पाटलांच्या घरी लग्न होतं, तिथं एक घोटाळा झाला. वरमाय कस्तुराबाईंनी कुतूहलानं फडक्यात डोकं घातलं आणि आपल्या सगळ्या जावा, नणंदा, लेकी उलट्या टांगलेल्या बघितल्या. ती बाई किंचाळत बाहेर आली. "अगं बायांनो, आत समद्या उलट्या दिसत्यात!" झालं! पुढच्या क्षणी सगळ्या बायका लुगड्याचे ओचे कसून खोचायला लागल्या. दोघी-तिघींनी तर पायांपाशी काठाला गाठी मारल्या. त्या फोटोत अख्खं खानदान पाय घट्ट जुळवून, लुगडं दोन्ही हातांनी धरून उभं आहे. भिंतीवर लावला तेव्हा पाहुणे विचारायचे, लग्नात फार वारा होता का?

ही बातमी तुंगार्लीला पोचायला वेळ लागला नाही. तिथं रखमाजी नाक मुरडून म्हणाला, "बायकांचं काय बी आयकू नगा. मान्सं कदी उलटी दिसत्यात व्हय?" तो स्वतः कॅमेऱ्यासमोर कधी आला नाही. "पैलवानाला फोटू कशाला? गाव वळखतं," एवढंच त्याचं म्हणणं.

पाच-सहा वर्षांनी तुंगार्लीच्या तळ्याकाठच्या बंगल्यातल्या शिरीनबाई या पारशी बाईंनी अनसूयाबाईंना आपला जुना पेटीचा कॅमेरा वापरायला दिला. शिरीनबाईंचे फोटो अनसूयाबाई छापून द्यायच्या, तेव्हापासूनची ही मैत्री. या कॅमेऱ्याला घोडी नको, फडकं नको, आत गुंडाळलेली फिल्म. पोटाशी धरायचा आणि खटका दाबायचा. अनसूयाबाईंना पंख फुटले. नळाच्या रांगेत, भाजीबाजारात, घाटात धुकं बघायला आलेल्या मुंबईकरांच्या गर्दीत त्या खटके दाबत सुटल्या. धुक्यात चेहऱ्यावर सावली पडत नाही, उजेड सगळीकडून सारखा येतो, हे त्यांना तेव्हा कळलं. मग ज्याचे गाल बसलेले असतील त्याला त्या मुद्दाम धुक्याच्या दिवशी बोलवायच्या आणि कारण सांगायच्या नाहीत.

या कॅमेऱ्यात एकच खोड होती. प्रत्येक खटक्यानंतर किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवावी लागे. एकदा ते राहिलं. सकाळी झुंबरबाईची म्हैस टिपली होती, दुपारी शिरीनबाईंच्या हिरवळीवरचा चहा. फोटो आला त्यात पांढऱ्या टेबलक्लॉथवर म्हैस आरामात उभी आणि तिच्या पोटातून टोपीवाल्या मड्डमा कपबशा धरून हसतायत. शिरीनबाईंनी तो चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला. अनसूयाबाई मात्र विचारात पडल्या. चुकून झालं ते मुद्दाम का करू नये? त्यांनी भिंगावर पुठ्ठ्याचा अर्धा तुकडा लावला, आधी डावी बाजू घेतली, मग उजवी, आणि गंगाधरपंतांना स्वतःशीच बुद्धिबळं खेळायला लावलं. फोटोतल्या दोघांपैकी एक गंगाधरपंत जिंकतायत आणि दुसरे चिडलेले आहेत. पार्सल ऑफिसात तो फोटो बघायला रांग लागली होती.

आणि झुंबरबाई? पेटीच्या कॅमेऱ्यातही ती पुसटच येत राहिली. हसताना तिचे खांदे, मान, घागर, सगळंच हलायचं. अनसूयाबाईंनी घरात मॅग्नेशियमची पूड पेटवून बघितली. लख्ख उजेड झाला, धुराचा लोट आढ्याला लागला, गंगाधरपंतांच्या उजव्या भुवईचे केस गेले आणि झुंबरबाई "मेले, मेले!" करत घागर टाकून पळाली. फोटोत फक्त तिची टाच आली.

अडतीस साली शिरीनबाईंच्या पुतण्यानं परदेशातून छोटा, मुठीत मावणारा कॅमेरा आणला आणि अनसूयाबाईंना महिनाभर दिला. त्याचा खटका इतका जलद, की उडती चिमणी स्थिर यावी. "आता बघते कशी सुटते ती," असं म्हणत त्यांनी झुंबरबाईला ऐन हसण्याच्या भरात पकडलं. एक नाही, अनेक फोटो घेतले. छापून बघितले आणि मटकन खाली बसल्या. सगळं कसं रेखीव आलेलं होतं. मिटलेले डोळे, ताणलेले ओठ, आवळलेला गळा. आणि प्रत्येक फोटोत झुंबरबाई टाहो फोडून रडत होती.

"काय वं वैनी, माझं कोन मेलंय ह्यात?" झुंबरबाईनं विचारलं.

अनसूयाबाईंना हसूही आलं आणि रडूही आलं. सोळा वर्षं झाली, तीन कॅमेरे झाले आणि एक हसू सापडेना. त्यांनी गंगाधरपंतांवर उगाचच राग काढला, आमटीत मीठ जास्त टाकलं आणि दोन दिवस कोठीच्या खोलीत गेल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई दूध मोजत होती. सोमाटण्याच्या कुणा विहिणीची गोष्ट सांगता सांगता तिला हसू आलं आणि अनसूयाबाईंच्या एकदम लक्षात आलं. इतकी वर्षं समोर घडत होतं आणि दिसलं नव्हतं. झुंबरबाईचं हसू आधी अडकायचं. आवाज फुटण्याआधी ती एक क्षण पूर्ण थांबायची. डोळे मोठे, तोंड उघडं, श्वास आत, आणि हातातलं दुधाचं मापटं हवेत जिथल्या तिथं. मापट्यातलं दूधसुद्धा हलायचं नाही. मग धरण फुटावं तसं हसू फुटायचं. त्यांनी आजवर नेहमी फुटलेलं हसू धरायची धडपड केली होती. खरं हसू त्या आधीच्या थांबण्यात होतं, आणि ते पुरतं एका श्रीरामाएवढं होतं!

पण तोवर छोटा कॅमेरा परत गेला होता. पुढच्या वर्षी लढाई लागली आणि फिल्म मिळेनाशी झाली. पुण्याचे दुकानदार हात हलवून दाखवायचे. शिरीनबाई मुंबईला मुलीकडे राहायला गेल्या. झुंबरबाईचा दत्तोबा पलटणीत भरती झाला आणि आधी वाळवंटात, मग समुद्रापलीकडे इटलीत गेला. त्या घरात हसणं कमी झालं. झुंबरबाई दूध घालायला यायची, मापटं रिकामं करायची आणि विचारायची, "वैनी, पेपरात काय हाय?" अनसूयाबाई चांगलं तेवढं वाचून दाखवायच्या.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात दत्तोबाचं पत्र आलं. ते वाचायला रखमाजीसुद्धा आला, आणि तो खांबेट्यांच्या ओट्यावर पहिल्यांदाच बसला. बाकी खुशाली होती. शेवटी लिहिलं होतं: "आयचा आवाज कानात हाय, पण तोंड डोळ्यांपुढं आणाया गेलो तर येत न्हाई. हसताना कशी दिसती त्येच इसरलो. आबाचं बी तसंच. खांबेटे वैनींना सांगून दोघांचा फोटू पाटवा."

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. रखमाजीनं घसा खाकरला आणि म्हणाला, "आमी बसतो फोटूला, वैनी. कदी येऊ?"

अनसूयाबाईंनी कोठीत जाऊन काचांची पेटी उघडली. जुन्या कॅमेऱ्याच्या काचा लढाईआधी आणलेल्या. आत एकच उरली होती. ती चुकली तर दुसरी कुठून आणायची? त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं गंगाधरपंत नंतर सगळ्यांना सांगायचे. झोप त्यांनाही लागली नव्हती.

फोटो तुंगार्लीला, रखमाजीच्या अंगणात घ्यायचा ठरला. सकाळचं स्वच्छ ऊन होतं. झुंबरबाई इरकली लुगडं नेसून गोठ्याच्या भिंतीपुढं उभी राहिली, चेहरा बघवत नाही असा ओढलेला. म्हशीला बाजूला बांधलं. रखमाजी धुतलेलं धोतर आणि लाल पागोटं घालून लांब उभा. अनसूयाबाईंनी घोडी रोवली, फडकं घेतलं, झुंबरबाई नीट काचेत बसवली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "आबा, या. तुम्ही तिच्या शेजारी उभं राहायचं. आधी बघून घ्या, कुठे मोकळी जागा आहे ती."

रखमाजीनं पागोटं सांभाळत फडक्यात डोकं घातलं. आत बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग तो बाहेर आला. वीस-बावीस वर्षं ज्या गोष्टीला बायकांची बडबड म्हणून उडवून लावलं, ती त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. झुंबरी उलटी, गोठा उलटा, म्हैस उलटी. त्याचा चेहरा कुस्ती हरल्यासारखा झाला.

अनसूयाबाईंनी दुधी काच काढून लाकडी चौकटीत झाकलेली शेवटची काच आत सरकवली, भिंगाच्या झाकणावर हात ठेवला आणि विचार करायला लागल्या, की आता हिला हसवायचं कसं? इतकी वर्षं न बोलावता येणारं हसू नेमकं आज कुठे गेलं? त्यांनी सोमाटण्याच्या विहिणीची गोष्ट काढली. झुंबरबाईनं ओठ हलवले. म्हैस आणि मड्डमांची आठवण काढली. झुंबरबाई म्हणाली, "व्हय," आणि डोळे पुसले.

तेवढ्यात रखमाजीनं पागोटं काढून खुंटीला अडकवलं. धोतराचा काचा मारला. झुंबरबाईच्या शेजारी जाऊन त्यानं मातीला हात लावून कपाळाला लावला, जसा आखाड्यात लावायचा, आणि कुणाला काही कळायच्या आत दोन्ही तळवे टेकून, डोकं जमिनीला लावून पाय सरळ आभाळात नेले. साठीला आलेला माणूस, पण शरीर खांबासारखं उभं. मिशा कपाळाकडे लोंबत होत्या.

"आबा! हे काय?" गंगाधरपंत ओरडले.

"काडा आता," रखमाजी खालून गंभीरपणे म्हणाला. "कॅमेऱ्यात समदं उलटं दिसतंया. पोराला बाप तरी सरळ दिसू द्या."

झुंबरबाईनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तिचे डोळे मोठे झाले. तोंड उघडलं. श्वास आत गेला आणि तिथंच राहिला.

अनसूयाबाईंनी झाकण काढलं. श्रीराम. झाकण लावलं.

मग हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी फुटलं. झुंबरबाई भिंतीला धरून खाली बसली, गंगाधरपंत घोडीला धरून वाकले, म्हैस दावं ताणून बघायला लागली, शेजारच्या अंगणातली माणसं कुंपणापाशी आली. रखमाजी एकटा अजून डोक्यावर उभा होता. "झालं का न्हाई?" तो विचारत होता. अनसूयाबाईंच्या आयुष्यातलं एवढं स्थिर गिऱ्हाईक दुसरं कुणी नव्हतं.

कोठीच्या खोलीत लाल कंदिलाखाली त्यांनी ती काच धुवायला घेतली. हळूहळू काळं-पांढरं उमटायला लागलं. कागदावर छापून, वाळवून त्यांनी फोटो तुंगार्लीला नेला आणि झुंबरबाईच्या हातात दिला.

झुंबरबाईनं बघितलं. बोट स्वतःच्या गालाला लावलं, मग फोटोतल्या गालाला. "अगं बया," ती म्हणाली, "ही मीच की."

अनसूयाबाईंना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

रखमाजीला मात्र धक्का बसला होता. फोटोत बायको सरळ होती, गोठा सरळ होता, म्हशीचं शेपूटसुद्धा सरळ होतं. उलटा तो एकटाच. "पैलवानाची अब्रू पार गेली," तो पुटपुटला. अनसूयाबाई घाईनं म्हणाल्या, "आबा, काळजी करू नका. कात्रीनं ही बाजू काढून टाकता येते. नुसता झुंबरबाईंचा पाठवू."

रखमाजीनं फोटो हातात घेतला. कधी नव्हे ते त्याच्या मिशा हलल्या.

"कापू नगा," तो म्हणाला. "तितं कोन हाय त्येला हसवाया? जाऊ द्या असाच."

फोटो गेला. पोचला की नाही ते कळलं नाही. पुढच्या पत्रांत दत्तोबानं दुसरंच काही लिहिलेलं, आणि मग पत्रंही थांबली. अनसूयाबाई रोज सकाळी झुंबरबाईची पावलं ओट्यावर वाजली की आधी तिचा चेहरा बघायच्या आणि मग भांडं पुढे करायच्या.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात एका सकाळी झुंबरबाईच्या मागे घागर घेऊन दत्तोबा आला. उंच, खांदे बापासारखे, अंगात खाकी शर्ट. अनसूयाबाईंच्या हातातलं भांडं पडलं. पायाला हात लावून झाल्यावर त्यानं खिशातून कापडाची पुरचुंडी काढली आणि त्यातून तो फोटो. चारही कोपरे झिजून गोल झाले होते. कागदाला मधोमध चीर गेलेली.

"अरे, हा किती मळला! काच आहे माझ्याकडे, नवा छापून देते," अनसूयाबाई म्हणाल्या.

"नगं वैनी. ह्योच ऱ्हाऊ द्या." त्यानं फोटो हातात धरला. "असा धरला की आय." मग तो फिरवला. वरचं खाली आलं आणि बाप जमिनीवर पाय रोवून, मिशा ताठ करून सरळ उभा राहिला. "आन् असा धरला की आबा. रोज झोपताना दोगांस्नी भेटायचो. एक डाव हिकडून, एक डाव तिकडून. पलटनीतली पोरं बी मागून न्यायची. ज्येची आय आठवंल तो ह्या बाजूनं बघायचा."

अनसूयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग त्या एकदम उठल्या. "थांब तिथंच, अंगणात. मी कॅमेरा आणते. पुण्याला काचा मिळायला लागल्यात."

दत्तोबा तुळशीपाशी जाऊन उभा राहिला. त्यानं टोपी काढली, बाह्या सारल्या आणि बापासारखाच गंभीर चेहरा करून विचारलं, "वैनी, सरळ ऱ्हाऊ का उलटा?"

ओट्यावर झुंबरबाई दूध मोजत होती. तिचे डोळे मोठे झाले, तोंड उघडलं, आणि मापटं हवेत जिथल्या तिथं थांबलं. कॅमेरा अजून कोठीच्या खोलीतच होता. अनसूयाबाई त्याच्याकडे न जाता तशाच उभ्या राहिल्या आणि डोळे भरून बघत राहिल्या.